राजाची सही: डेन्मार्कमधल्या अनियंत्रित राजेशाहीचं एक प्रकरण

14 जुलै 1771. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा क्रिस्टियान सातवा याने त्या दिवशी एका हुकमावर सही केली. योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्से नावाच्या जर्मन डॉक्टरला त्याने आपल्या खासगी कचेरीचा मंत्री नेमलं. राजा तोंडी ज्या आज्ञा देईल त्या या डॉक्टरने लिहून काढायच्या. त्यांवर हवी तर राजाची सही घ्यायची, नाहीतर स्वतःच सही करून राजाच्या कचेरीचा शिक्का मारायचा. दोन्ही कागदांचं वजन सारखंच. असा कागद आला की सरकारी खात्यांनी कामाला लागायचं. झालेल्या हुकमांचा गोषवारा आठवड्यातून एकदा राजापुढे ठेवायचा, एवढीच काय ती अट.

साडेनऊ महिन्यांनी, 28 एप्रिल 1772 रोजी, कोपनहेगनच्या वेशीबाहेर हजारो लोकांच्या देखत या डॉक्टरचा आधी उजवा हात तोडला गेला आणि मग शिरच्छेद झाला. त्या शिक्षेच्या कागदावरही सही क्रिस्टियान सातव्याचीच होती.

दोन्ही सह्या खऱ्या होत्या. दोन्ही कायदेशीर मानल्या गेल्या. या दोन कागदांच्या मधे काय घडलं आणि ते घडू कसं शकलं, ते इथे मांडतो आहे.

अनियंत्रित राजेशाही म्हटलं की पाठ्यपुस्तकातला चौदावा लुई, व्हर्सायचा राजवाडा आणि ‘मी म्हणजेच राज्य’ हे वाक्य आपल्याला आठवतं. ते वाक्य लुईने उच्चारल्याचा त्या काळातला पुरावा नाही. शिवाय लुईच्या फ्रान्समध्ये राजाला पार्लमां नावाची न्यायालयं, काही प्रांतांच्या सभा आणि पैसे मोजून पदं विकत घेतलेले अधिकारी यांच्याशी घासाघीस करतच राज्य हाकावं लागे. राजा सर्वाधिकारी आहे असं कलमवार सांगणारा कायदा तिथे कुणी लिहिलेला नव्हता. तो लिहिला डेन्मार्कने. म्हणून अनियंत्रित सत्ता आतून कशी चालते हे बघायचं असेल, तर मला व्हर्सायपेक्षा कोपनहेगन जास्त शिकवतं.

चाळीस कलमं

1658 च्या हिवाळ्यात डेन्मार्कची बेटं आणि मुख्यभूमी यांच्यामधल्या सामुद्रधुन्या गोठल्या आणि स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव सैन्य घेऊन बर्फावरून चालत आला. रॉस्किल्डच्या तहात डेन्मार्कने साउंड सामुद्रधुनीपलीकडचे सगळे सुपीक प्रांत गमावले. त्याच वर्षी स्वीडिश सैन्य पुन्हा आलं आणि कोपनहेगनला वेढा पडला. फेब्रुवारी 1659 मधल्या एका रात्री तटावर निकराचा हल्ला झाला, तेव्हा सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून शहरातले व्यापारी, कारागीर आणि विद्यार्थी लढले. शहर वाचलं, पण खजिन्यात खडखडाट होता.

सप्टेंबर 1660 मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक याने सरदार, धर्मगुरू आणि शहरवासी अशा तीन वर्गांची सभा बोलावली. शेतकऱ्यांना बोलावणं नव्हतं. प्रश्न एकच होता: कर कुणी भरायचा? सरदारांना करमाफी होती आणि ती सोडायला ते तयार नव्हते. राजा निवडायचा अधिकारही त्यांच्याच परिषदेकडे. गादीवर बसताना प्रत्येक राजा त्यांना अटींचा करारनामा लिहून द्यायचा. कोपनहेगनचा महापौर हान्स नानसेन आणि बिशप हान्स स्वाने यांनी यावर वेगळाच तोडगा काढला. राजपद वंशपरंपरागत करून टाकायचं, म्हणजे सरदारांच्या हातातली दोरीच कापली जाईल. ऑक्टोबरमध्ये शहराचे दरवाजे बंद झाले, पहारे दुप्पट झाले, सरदारांना बाहेर पडता येईना. ते नमले. राजाचा करारनामा रद्द होऊन त्याला परत मिळाला आणि 18 ऑक्टोबरला किल्ल्यासमोरच्या चौकात सगळ्या वर्गांनी वंशपरंपरागत राजाला निष्ठा वाहिली. नवी राज्यव्यवस्था कशी असावी यावर समितीचं एकमत होईना, तेव्हा तेही राजावरच सोपवण्यात आलं.

मला या घटनेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही सत्ता राजाने तलवारीच्या जोरावर घेतलेली नव्हती. सरदारांना विटलेल्या शहरी लोकांनी ती त्याच्या हातात दिली होती. एका वर्गाचा जाच संपवण्यासाठी त्यांनी सगळ्यांचेच अधिकार एका माणसाच्या ओटीत घातले.

पाच वर्षांनी, 14 नोव्हेंबर 1665 रोजी, कायदा तयार झाला. डॅनिशमध्ये त्याचं नाव ‘कोंगेलोव’, म्हणजे राजकायदा. लिहिणारा पेडर शूमाकर हा कोपनहेगनच्या एका दारूच्या व्यापाऱ्याचा तिशीतला मुलगा होता. चाळीस कलमं. राजा सर्व मानवी कायद्यांच्या वर, देवाखेरीज त्याचा न्याय करणारा कुणी नाही. कायदे करणं, मोडणं, अधिकारी नेमणं, काढणं, युद्ध, तह, कर, धर्मव्यवस्था, सगळं त्याच्या एकट्याच्या हातात. बंधनं तीनच: लूथरच्या पंथाशी निष्ठा ठेवायची, राज्याचे तुकडे करायचे नाहीत आणि हा राजकायदा बदलायचा नाही. गादीवर येताना त्याने कुणापुढे शपथही घ्यायची नाही.

आता दोन बारीक तरतुदी नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर फिरतं. एक: सरकारचा प्रत्येक कागद राजाच्या नावाने आणि त्याच्या मोहरेने निघेल, आणि राजा वयात आलेला असेल तर त्यावर तो स्वतः सही करेल. दोन: राजा तेरा वर्षं पूर्ण करून चौदाव्यात आला की वयात आला. त्याआधी राज्य कुणी सांभाळायचं, राजमातेने काय करायचं, बड्या अधिकाऱ्यांनी काय करायचं, हे सगळं कायद्यात तपशिलाने लिहिलं आहे. राजाचं मन जागेवर नसेल तर काय, याबद्दल मात्र चाळीसपैकी एकाही कलमात शब्द नाही.

ही नजरचूक होती असं मला वाटत नाही. राजाला वेड लागलं आहे हे ठरवायचं म्हटलं, तर ते ठरवणारा कुणीतरी राजाच्या वर बसवावा लागतो. एकदा तसा माणूस बसवला की कायद्याचं पहिलंच वाक्य खोटं पडतं. शूमाकर हुशार होता. त्याने ती जागा कोरी सोडली. त्याचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. ग्रिफेनफेल्ड या नावाने तो काउंट झाला, राज्याचा चॅन्सेलर झाला, आणि 1676 मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला वधस्तंभाकडे नेण्यात आलं. मान ओंडक्यावर ठेवल्यावर राजाची माफी वाचून दाखवण्यात आली. पुढची वीस-बावीस वर्षं तो कैदेत होता.

मुलगा आणि डॉक्टर

क्रिस्टियानचा जन्म जानेवारी 1749 चा. आई तो तीन वर्षांचा व्हायच्या आत गेली. वडील, राजा पाचवा फ्रेडरिक, दारूत बुडालेले. शिक्षणासाठी नेमलेला रेव्हेंटलो हा सरदार मुलाला मारायचा, धाकात ठेवायचा. नंतर आलेला रेव्हेर्दिल हा स्विस शिक्षक प्रेमळ होता. त्याच्या आठवणींमुळेच त्या पोराच्या लहानपणाची इतकी माहिती आपल्यापर्यंत पोचली. मुलगा बुद्धीने तल्लख होता, पण हळूहळू त्याचं काहीतरी बिनसत गेलं. आपलं शरीर दगडासारखं कठीण व्हावं या कल्पनेने त्याला पछाडलं होतं. वेशीच्या पहारेकऱ्यांशी मारामाऱ्या, रात्री-अपरात्री रस्त्यांवर भटकणं, एकदम हसणं, एकदम गप्प होणं. आजचे डॉक्टर त्या वर्णनांवरून स्किझोफ्रेनियाचा अंदाज करतात.

जानेवारी 1766 मध्ये वडील वारले तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. कायद्याच्या दृष्टीने मात्र चांगला वयात आलेला. त्याच वर्षी इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची पंधरा वर्षांची बहीण कॅरोलिन मॅथिल्डा हिच्याशी त्याचं लग्न झालं. 1768 मध्ये युवराज फ्रेडरिकचा जन्म झाला. लगेच राजा परदेश दौऱ्यावर निघाला. सोबत कोण असावं? आल्टोना शहराचा तिशीतला सरकारी वैद्य स्ट्रुएन्से.

स्ट्रुएन्सेचा जन्म 1737 चा, जर्मनीतल्या हाले गावचा. वडील कर्मठ भक्तिपंथी पाद्री. मुलगा मात्र देवाधर्मापासून दूर गेलेला, फ्रेंच विचारवंतांना मानणारा. आल्टोनात त्याने गरिबांच्या वस्त्या, रोगराई, सुईणींच्या हातून दगावणारी मुलं हे सगळं जवळून पाहिलं होतं. राजाला तो पहिला असा माणूस भेटला, जो त्याच्याशी न ओरडता बोलायचा. लंडन आणि पॅरिस करून जानेवारी 1769 मध्ये दौरा परतला तेव्हा राजा त्याच्याशिवाय राहायला तयार नव्हता. राणीने सुरुवातीला त्याला दूर ठेवलं. पण 1770 च्या वसंतात युवराजाला देवीची लस टोचायचं काम त्याने यशस्वी केलं आणि तिचाही विश्वास बसला. त्याच वर्षी त्या दोघांचे प्रेमसंबंध जुळले. एकोणीस वर्षांची एकटी परदेशी मुलगी आणि तिच्याशी माणसासारखं वागणारा पहिला माणूस, हे समजायला फार अवघड नाही. दरबाराला मात्र ते समजून घ्यायचं नव्हतं.

सोळा महिने

सप्टेंबर 1770 पासून हुकमांचा पाऊस सुरू झाला. जुना परराष्ट्रमंत्री बर्नस्टोर्फ घरी बसला. छापखान्यांवरची पूर्वतपासणी एका फटक्यात रद्द झाली. स्वीडनने 1766 मध्ये मुद्रणस्वातंत्र्य दिलं होतं, पण धर्मविषयक लेखनाची तपासणी ठेवली होती. डेन्मार्कने काहीच ठेवलं नाही. व्हॉल्तेरने तर डेन्मार्कच्या राजाचं अभिनंदन करणारी कविता लिहिली. डिसेंबरमध्ये राजाची सल्लागार परिषदच बरखास्त झाली. त्यानंतर राजा आणि सरकारी खाती यांच्यामधे फक्त कचेरी उरली, आणि कचेरी म्हणजे स्ट्रुएन्से.

हुकूम हजाराहून अधिक निघाले. चौकशीतला शारीरिक छळ बंद. चोरीसाठी फाशी बंद. पेन्शनं आणि दरबारी खर्चाला कात्री. ईस्टर, नाताळ वगैरे सणांचे जादा सुट्टीचे दिवस रद्द. शेतकऱ्यांनी जमीनदाराकडे किती दिवस वेठ करायची त्याला मर्यादा. राजाच्या बागा सर्वांना खुल्या. नको असलेलं तान्हं मूल टाकून न देता ठेवून जाता यावं म्हणून पाळण्याची सोय, कोपनहेगनच्या न्यायालयांची नवी घडी, आणि खजिना भरायला आकड्यांची लॉटरी.

यातल्या बहुतेक गोष्टी आज कुणालाही पटतील. त्या केल्याबद्दल मला स्ट्रुएन्सेविषयी मनापासून आदर वाटतो. पण त्या कशा केल्या ते पाहिलं की काळजाचा ठोका चुकतो. हुकूम जर्मनमध्ये निघत, कारण त्याने डॅनिश शिकायचे कष्टच घेतले नाहीत. कुणाला विचारणं नाही, कुणाची समजूत काढणं नाही. सकाळी एक कागद निघाला की संध्याकाळी एखाद्या अधिकाऱ्याची वीस वर्षांची नोकरी संपलेली. सुट्ट्या गेल्या त्या मजुराच्या आणि मोलकरणीच्या. तिला बागेत फिरायला मिळणार होतं हे खरं, पण तिचा सणाचा दिवस गेला होता.

मुद्रणस्वातंत्र्य मिळाल्यावर शेकड्यांनी पत्रकं निघाली. लुक्सडोर्फ नावाच्या एका विद्वान अधिकाऱ्याने ती जमवून बांधून ठेवली, म्हणून ती आज वाचता येतात. त्यांत शेती, व्यापार, चर्च यांविषयीच्या गंभीर सूचना आहेत, आणि डॉक्टर व राणी यांच्याबद्दलची घाणही आहे. ती घाण वाढत गेली. जुलै 1771 मध्ये राणीला मुलगी झाली तेव्हा बाप कोण हे कोपनहेगनमध्ये उघड बोललं जात होतं. ऑक्टोबर 1771 मध्ये स्ट्रुएन्सेने हुकूम काढला की यापुढे लेखक किंवा छापणारा यांचं नाव असलंच पाहिजे आणि मजकुराबद्दल कायद्याने जबाबदार धरलं जाईल. एका सहीने दिलेलं स्वातंत्र्य वर्षभरात दुसऱ्या सहीने आखडलं गेलं. ज्या लोकांसाठी ते दिलं होतं, त्यांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नव्हतं.

त्याच शरद ऋतूत पगार थकलेले नॉर्वेजियन खलाशी थेट हिर्शहोल्मच्या राजवाड्यावर चालून गेले. राजाला आपलं गाऱ्हाणं सांगायचं, एवढीच त्यांची इच्छा. दरबारात घबराट उडाली, पळायची तयारी झाली, आणि मग त्यांना आश्वासनं देऊन परत पाठवलं गेलं. नाताळाच्या आदल्या दिवशी राजाच्या पायदळ रक्षकांनी, आपली तुकडी मोडल्याच्या रागाने, राजवाड्यात ठाण मांडलं. त्यांनाही मागण्या मान्य करून निरोप द्यावा लागला. सगळ्या कोपनहेगनने पाहिलं की हजारावर हुकूम काढणारा माणूस घाबरतो. त्याच्या पाठीशी ना सैन्य होतं, ना पक्ष, ना सरदार, ना रयत. होता तो एका आजारी माणसाचा हात.

17 जानेवारीची पहाट

16 जानेवारी 1772 च्या रात्री क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याच्या नाट्यगृहात मुखवट्यांचा नाच होता. राजा, राणी, स्ट्रुएन्से, त्याचा मित्र एनेवोल्ड ब्रँट, सगळे हजर. राजा लवकर झोपायला गेला. पहाटे चारच्या सुमारास त्याची सावत्र आई युलियाना मारिया, तिचा अठरा वर्षांचा मुलगा राजपुत्र फ्रेडरिक, त्याचा शिक्षक राहिलेला ओव्ह गुल्डबर्ग, नाराज सरदार रांटसाऊ आणि काही सेनाधिकारी राजाच्या शयनगृहात शिरले.

दिव्याच्या उजेडात, अर्धवट झोपेत, घाबरलेल्या राजाला सांगण्यात आलं की राणी आणि डॉक्टर त्याच्या जिवावर उठले आहेत. कागद तयारच होते. राजाने आधी नकार दिला, रडला, मग सह्या केल्या. त्या सह्यांनी सैन्याचा ताबा कटवाल्यांकडे गेला. स्ट्रुएन्से आणि ब्रँट यांना बिछान्यातून उठवून बेड्या पडल्या. राणीची रवानगी तान्ह्या मुलीसह क्रोनबोर्गच्या किल्ल्यात झाली. सकाळी राजाला बग्गीत बसवून शहरातून फिरवण्यात आलं, लोकांनी जयजयकार केला आणि जमावाने बदनाम घरं फोडली, लुटली.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हे बंड आहे. नंतर लक्षात आलं की त्या लोकांना बंड नको होतं. राजाला दूर सारायचा विचारही त्यांनी केला नाही. त्यांना हवी होती ती सही. स्ट्रुएन्सेने दीड वर्ष ज्या लेखणीवर राज्य केलं, ती त्यांनी पहाटे चार वाजता आपल्या हातात घेतली.

खटला

या प्रकरणाची खरी गाठ खटल्यात आहे. स्ट्रुएन्सेवर राणीशी व्यभिचाराचा आरोप होता. त्याने फेब्रुवारीत कबुली दिली, राणीने मार्चमध्ये, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिचं लग्न मोडलं. राजाने दिलेल्या बक्षिसाच्या आकड्यांत शून्य वाढवल्याचा, म्हणजे पैशांच्या अफरातफरीचाही आरोप होता. पण राज्याच्या दृष्टीने मुख्य गुन्हा होता 14 जुलैचा हुकूम.

राजकायद्यात एक कलम असं होतं, की राजाच्या निरंकुश अधिकाराला बाध येईल असं काही कुणी राजाकडून मिळवलं, तर ते रद्दबातल ठरेल आणि मिळवणाऱ्याला राजद्रोहाची शिक्षा होईल. सरकारी पक्षाचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक कागदावर राजाने स्वतः सही करावी असं कायदा सांगतो, आणि या माणसाने राजाच्या जागी स्वतःची सही आणली. म्हणजे त्याने राजाचा अधिकार चोरला.

यावर साधं उत्तर होतं: तो अधिकार राजानेच दिला, राजाच्याच सहीने दिला, आणि राजा सगळ्या मानवी कायद्यांच्या वर आहे. हे उत्तर खोडायचा एकच मार्ग होता. राजाला आपण कशावर सही करतो आहोत हे कळत नव्हतं, असं म्हणायला हवं होतं. आणि नेमकं तेच न्यायाधीशांना म्हणता येत नव्हतं. 14 जुलैला राजाला कळत नव्हतं, तर 17 जानेवारीच्या पहाटे तरी कुठे कळत होतं? अटकेचा हुकूम, चौकशी मंडळाची नेमणूक, त्यांनी लिहिलेल्या निकालावरची मंजुरी, सगळं त्याच हातचं. राजा वेडा म्हटलं की आरोपी सुटतो, न्यायालय मोडतं आणि कट करणारे स्वतः राजद्रोही ठरतात.

म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की राजा शहाणा आहे. ज्याने त्याच्यावर उपचार केले तो डॉक्टरही कोठडीत असताना हे जाणून होता. ब्रँटचा गुन्हा काय? त्याने राजाला मारलं, बोटाला चावा घेतला. राजाची मारामारीची लहर साऱ्या दरबाराला ठाऊक होती. पण ती लहर होती असं मानलं तर राजाच्या मनाची अवस्था कागदावर आणावी लागते. तेव्हा निकालात फक्त राजाच्या पवित्र देहावर हात टाकल्याची नोंद झाली.

25 एप्रिलला निकाल लागला. दोघांनाही मृत्युदंड, हात तोडणं, देहाचे तुकडे करून चाकावर ठेवणं. छळबंदी आणि फाशीबंदीचे हुकूम काढणाऱ्या माणसाचा शेवट असा झाला. मुंटर नावाचा पाद्री शेवटचे आठवडे रोज त्याच्या कोठडीत येऊन बसे. नास्तिक मुलगा शेवटी वडिलांच्या श्रद्धेकडे परतला असं त्याने नंतर लिहून छापलं आणि ते युरोपभर वाचलं गेलं. 28 तारखेला आधी ब्रँट, मग स्ट्रुएन्से.

कॅरोलिन मॅथिल्डाला इंग्रजी जहाजं हॅनोव्हरकडे घेऊन गेली. दोन्ही मुलं कोपनहेगनमध्ये राहिली. 1775 मध्ये त्सेले इथे तिचा मृत्यू झाला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

त्याच वर्षी राजाने स्ट्रुएन्से आणि ब्रँट यांची चित्रं काढली. ओबडधोबड, पण ओळखू येणारी. खाली जर्मनमध्ये लिहिलं: दोघांनाही वाचवायला मला आवडलं असतं. या चित्रांना कायद्याने काही किंमत नव्हती. त्याच्या हातून निघालेल्या हजारो कागदांपैकी ज्यांत तो स्वतः बोलतो आहे अशी माझी खात्री पटते, असे कागद फार थोडे. हा त्यांतला एक.

पुन्हा तीच लेखणी

नव्या सरकारने सांगितलं की आता कचेरीचं राज्य संपलं, हुकूम खात्यांमार्फतच निघतील. काही वर्षांत गुल्डबर्ग राजाच्या कचेरीचा सचिव झाला आणि कचेरीतूनच हुकूम काढू लागला. युवराज फ्रेडरिक तेरा वर्षांचा झाला, चौदाचा झाला. त्याला परिषदेत बसता येऊ नये म्हणून त्याचा धर्मदीक्षाविधी लांबवत नेला. अखेर एप्रिल 1784 मध्ये सोळा वर्षांचा झाल्यावर तो उरकला.

14 एप्रिलला युवराज पहिल्यांदा परिषदेच्या बैठकीला आला. त्याने खिशातून कागद काढून वाचला: गुल्डबर्गची कचेरी बंद, नवे मंत्री नेमले, यापुढे राजाच्या हुकमावर युवराजाचीही सही लागेल. मग तो कागद बापापुढे ठेवला. काका, राजपुत्र फ्रेडरिक, अडवू लागला. राजाने सही केली आणि दालनातून पळाला. काका त्याच्या मागे धावला, त्याच्यामागे पुतण्या, आणि युरोपातल्या सगळ्यात निरंकुश राजाच्या ताब्यासाठी दोघांत अक्षरशः झटापट झाली. पुतण्या जिंकला.

त्याने पुढची चोवीस वर्षं राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. बर्नस्टोर्फचा पुतण्या आणि रेव्हेंटलो बंधू यांच्यासारखे सहकारी त्याला लाभले. आयोग नेमले गेले, त्यांच्या चर्चा छापल्या गेल्या, जमीनदारांचे आक्षेप ऐकून घेतले गेले. स्ट्रुएन्सेने ज्या शेतकऱ्यासाठी घाईने हुकूम काढले होते, त्याच्या पायातली बेडी 1788 मध्ये कायमची निघू लागली: तरुण शेतकऱ्याला जन्मगावच्या जमीनदाराशी बांधून ठेवणारा 1733 चा कायदा रद्द झाला. 1792 मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदीचा हुकूम निघाला, तो 1803 पासून लागू झाला. काम तेच, पण या वेळी लोकांना बरोबर घेऊन केलेलं. मात्र कायदा बदललेला नव्हता, आणि 1799 मध्ये त्याच युवराजाने छपाईवर कडक निर्बंध आणले तेव्हा अडवायला कुणीही नव्हतं.

आपल्याशी या राजाचा एक धागा जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा दिला नाही, म्हणून विल्यम केरी 1800 मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात गेला. ते गाव डेन्मार्कचं होतं, डॅनिश कागदपत्रांत त्याचं नाव फ्रेडरिक्सनगर. 1805 मध्ये तिथे केरीचं मराठी भाषेचं व्याकरण छापून निघालं. त्या गावावर झेंडा क्रिस्टियान सातव्याचा होता.

तो 13 मार्च 1808 रोजी रेंड्सबुर्ग इथे वारला. बेचाळीस वर्षं राजा. राजकायदा त्याच्यानंतर आणखी चाळीस वर्षं चालला. 1848 मध्ये सातव्या फ्रेडरिकने निरंकुश सत्ता सोडली आणि 5 जून 1849 ला राज्यघटना आली.

कोपनहेगनच्या मध्यवर्ती रेल्वे स्टेशनाजवळ, रहदारीच्या ऐन मध्यात, लालसर दगडाचा एक उंच स्तंभ उभा आहे. 1788 च्या शेतकरी मुक्तीच्या स्मरणार्थ नागरिकांनी तो उभारला, 1797 मध्ये तो पुरा झाला. त्यावर कोरलेला मजकूर शेतकऱ्याबद्दल आहे: तो स्वतंत्र, धीट, शहाणा, कष्टाळू आणि सुखी व्हावा. वाक्याची सुरुवात मात्र ‘राजाने आज्ञा केली’ अशी आहे. तो दगड बसवला जात होता तेव्हा हा राजा राजवाड्यात होता, आणि समोर ठेवलेल्या कागदांवर सह्या करत होता.